उरलेल्या भाकरीचा शॉट

"पदर अजून थोडा पुढं घे. हां. आता दोन्ही हातांनी धर, झोळीसारखा. तुझी आई धरायची ना, तस्सा."

हे बोलणारी बाई टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या कार्यक्रमात परीक्षक असते. चमचा ओठाला लावते, डोळे मिटते, समोरच्याचा जीव टांगणीला लावते आणि मग निकाल सांगते. माझ्या पोरीला ती फार आवडायची. त्या दिवशी आमची ओळख होऊन अर्धा तास झाला नसेल. मी पन्नाशीला टेकलेली बाई, केस पांढरे व्हायला लागलेले. तरी तिच्या तोंडात पहिल्या शब्दापासून 'तू'. आमच्या शेफला 'तुम्ही'. कॅमेरावाल्याला 'आप'. मला 'तू'. वर पुन्हा, आपण मराठी माणसं ना, म्हणून हक्कानं म्हणे! असला हक्क आमच्या कितीतरी पिढ्यांनी सोसलाय.

मी खाली बसले होते. मी तेव्हा काम करायचे ते हॉटेल हैदराबादेत ज्युबिली हिल्सला आहे, खाली पब आणि वर जेवायचं. वरच्या मजल्यावरच्या चकचकीत फरशीवर त्यांनी शेणाच्या रंगाचं कापड अंथरलं होतं. बाजूला सूप, पितळी घागर, एक मोडकी खाट. माझा पांढरा कोट काढायला लावून मला सुती लुगडं नेसवलं. मेकअपवाली पोरगी माझ्या गालाला काळपट काहीतरी फासायला लागली. मी विचारलं, हे कशाला गं? ती बोलली, "अक्का, कॅमेरे में फेस बहुत फ्रेश दिखरा." म्हणजे मी पुरेशी गरीब दिसत नव्हते.

माझ्या पुढ्यात एक बाऊल. बाऊलमध्ये कुटके. वाळलेल्या भाकरीचे तुकडे भिजवून कांदा-लसणाच्या फोडणीत शिजवतात, तिखट-मीठ आणि वरून शेंगदाण्याचा कूट, त्याला आम्ही कुटके म्हणतो. मी पदर पसरायचा, त्यात वरून कुणीतरी भाकरीचे तुकडे टाकणार, मग मी कुटक्याचा पहिला घास घेणार आणि कॅमेऱ्याकडं बघून हसणार. असा शॉट होता.

"घे ना गं पदर," ती बोलली.

आणि माझे हात वर उठले. आई शपथ सांगते, मी ते उचलले नव्हते. बोटांनी पदराचे काठ धरले, कोपरं अंगाला चिकटली, मान खाली गेली. मी आयुष्यात कधी कुणापुढं पदर पसरला नाही. कुणी शिकवलं नाही. तरी हातांना येत होतं.

"पर्फेक्ट!" शेफ मागून ओरडला.

हे काय झालं होतं ते कळायला थोडं मागं जावं लागेल.

मी या हॉटेलच्या किचनमध्ये बरीच वर्षं काढली. भाज्या चिरण्यापासून सुरुवात केली आणि ग्रेव्हीच्या सेक्शनची मुख्य झाले. तुमच्यातल्या कुणी तिथं नल्ली किंवा मिरची का सालन खाल्लं असेल तर ते माझ्या हातचं असायचं. नाव शेफचं असतं. त्याचं मला कधी काही वाटलं नाही, धंद्याची रीतच ती आहे.

पण किचनमध्ये राहून माणसं कळतात. बाहेर बसलेल्यांना वाटतं की आत कोण आहे ते आपल्याला दिसत नाही म्हणजे आतल्यांनाही आपण दिसत नाही. हौ, अगदी नाही दिसत! परत आलेलं ताट सगळं सांगतं. कुणी भुकेनं खाल्लं, कुणी फोटोसाठी मागवलं, कुणी बरोबरच्या बाईवर छाप पाडायला महागडं बोलावून दोन घासांत टाकलं, सगळं. बिर्याणीवर सिगरेट विझवणारे असतात. मटणाच्या हाडावर टिश्यू पेपर, त्यावर च्युइंगगम. आणि हेच लोक खाली पबमध्ये एकमेकांना चुकून धक्का लागला तरी सॉरी, सॉरी करतात. ग्लास कसा धरायचा, कुठली दारू कशाबरोबर प्यायची, हे त्यांना तोंडपाठ. वाढणाऱ्याशी कसं बोलायचं ते मात्र कुणी शिकवलेलं नसतं. चुटकी वाजवतात, कुत्र्याला वाजवतात तशी. ह्याला ते एटिकेट म्हणतात. माझी माय बिनशिकलेली, पण दारात आलेल्या कचरेवाल्यालाही 'या दादा' म्हणायची.

ही ताटं परत आल्यावर काय होतं? जे अगदीच उष्टं ते ड्रममध्ये जातं. पण रविवारच्या बुफेतलं, मोठ्या पार्टीतलं उरलेलं, बास्केटमधून न खाल्लेल्या परत आलेल्या रोट्या, हे सगळं स्टाफच्या जेवणाला. सगळीकडं हेच चालतं. पोरं खुशीत खातात, चिकन-बिकन असतं. मी खात नाही. पहिल्या दिवसापासून माझा डबा घरून. चिक्कडपल्लीहून दोन बस बदलून डबा घेऊन येणारी मी एकटीच. पोरं चिडवायची, "अक्का का डब्बा आगया, सब हटो!" मी पण हसायची. कारण कधी सांगितलं नाही.

कारण मायचा नियम. दुसऱ्याचं उरलेलं तोंडाला लावायचं नाही. आपल्या चुलीवरची भाकर शिळी असो, वाळून खडक झालेली असो, खायची. दुसऱ्याच्या ताटातून उरलेलं बदाम-पिस्ते असो, नाही खायचं.

मी लहान होते तेव्हा माय कोठी भागातल्या एका खाणावळीत भांडी घासायची. एकदा मला बरोबर नेलं होतं. मालकिणीनं माझ्या हातात गुलाबजाम ठेवला. एका कडेला कुणीतरी चमचा लावलेला होता, पण मला त्याचं काय, मी तोंडात टाकला. मायनं भांड्याची राख लागलेल्या हातानं माझे गाल दाबले आणि बोट घालून तो बाहेर काढला. मी रडले. मालकीण बोलली, "एवढी मिजास? भांडी घासणाऱ्यांना?" मायनं गुलाबजाम मोरीत टाकला, हात धुतले आणि राहिलेली भांडी घासली. घरी येताना अफझलगंजला थांबून तिनं मला दुकानातून गुलाबजाम घेऊन दिला. पानात बांधलेला, कुणी न लावलेला. तो मी खाल्ला, पण तोंडाला राखेचीच चव होती. ती चव मला अजून मधूनच येते, काहीही खाताना.

आता शेफ. माणूस वाईट नाही, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले. मोठ्या घरचा, परदेशात शिकलेला. गरिबांच्या खाण्याचं त्याला फार कौतुक. एकदा माझ्या डब्यातले कुटके त्यानं बघितले. चव घेतली. डोळे मोठे केले. "अक्का, ये क्या है? ये तो कमाल है." मी सांगितलं, वाळलेल्या भाकरीचे आहेत. त्यानं विचारलं, वाळवायच्या कशाला? मग मी सांगितलं. माझी माय आणि तिची माय गावात घरोघरी भाकर मागायला जायच्या. मागायला म्हणजे भीक नाही. गावकीची कामं आमच्या लोकांनी येसकर म्हणून फुकट करायची, मेलेलं ढोर ओढायचं, सांगावा घेऊन रानोमाळ पळायचं, आणि बदल्यात संध्याकाळी दारोदार उभं राहून शिळे तुकडे घ्यायचे. सणासुदीला जास्त मिळाले की ते वाळवून ठेवायचे, पुढं कामी यायचे. शेफच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. मला वाटलं, ज्याच्या डोळ्यांत पाणी आलं त्याला कळलं असेल.

थोड्याच दिवसांत मेनूवर कुटके आले. इंग्रजी नाव, त्याखाली चार ओळींची कहाणी. वर दह्याचा फेस आणि एक फूल. आयत्या पिठावर रेघोट्या! लोक मागवायला लागले. आणि त्यातूनच तो टीव्हीचा कार्यक्रम आला. 'काही वाया नको' असा त्यांचा विषय होता. शेफ बोलला, "अक्का, आपकी मदर को ट्रिब्यूट है."

मायचं ऐकायचं तर तिच्या शेवटच्या दिवसांचं ऐका. ती जाऊन वर्ष झालं, पण मी रोज तिला जिन्यात बघते, म्हणून सांगते.

तिला विसर पडायला लागला होता. आधी किल्ल्या, मग गॅस, मग माझ्या नवऱ्याचं नाव, मग माझं. कोठीच्या डॉक्टरनं सांगितलं, नवीन आधी पुसलं जातं, जुनं शेवटपर्यंत राहतं. मला बरं वाटलं होतं ते ऐकून. म्हटलं, जुनं तरी राहील. मला काय माहीत जुनं म्हणजे काय ते!

एका संध्याकाळी मी कामावरून लवकर आले. लिफ्ट बंद होती. जिना चढताना वरून आवाज आला. मायचा आवाज, पण बारीक, पोरीसारखा. "येसकराची भाकर वाढा, माय."

आमच्याच मजल्यावर, समोरच्या फ्लॅटच्या दारात ती उभी होती. बाजूला. दाराच्या समोर नाही, सावली आत पडू नये अशी बाजूला. पदर दोन्ही हातांनी झोळीसारखा पसरलेला, कोपरं अंगाला, मान खाली. समोरच्या अम्मा, भल्या बाई, दहा वर्षांपासूनच्या शेजारीण. त्यांना मराठी कळत नाही. पण पसरलेला पदर सगळ्या भाषांत कळतो. त्या आत गेल्या आणि इडल्या घेऊन आल्या. आणि त्यांनी त्या वरून टाकल्या. हातभर उंचीवरून. पदराला हात लागू नये म्हणून टाकल्या की सवयीनं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. मला विचारायची भीती वाटली.

"सुखी ऱ्हा माय," माय बोलली.

मी तिला ओढत घरात आणलं. तिनं इडल्या कुस्करल्या आणि बाल्कनीत पेपरावर वाळत घातल्या. जिनं माझ्या तोंडातून गुलाबजाम काढला होता, तीच माय. मी पेपर उचलून टाकला तर ती धाय मोकलून रडली. "पोरं उपाशी मरतील," बोलली. मग हे रोजचं झालं. आम्ही बाहेरून कडी लावायला लागलो. आतून ती दारावर हात फिरवत राहायची आणि हळू आवाजात तेच म्हणायची. गेली तेव्हाही तिच्या मुठीत पदराचा काठ होता. सोडवता आला नाही, तसाच ठेवला.

म्हणून म्हणते, शूटिंगच्या दिवशी माझे हात उठले ते मी ओळखले. ते मायचे होते.

मी खाली बघितलं. मला कुणाकडं बघायचं नव्हतं म्हणून बाऊलमध्ये बघितलं. आणि दिसलं.

एका तुकड्यावर तीळ होते. आमच्या हॉटेलची जोन्ना रोट्टे, म्हणजे ज्वारीचीच भाकर, तीळ लावून करतात. रविवारच्या बुफेला बास्केटमधून टेबलावर जाते. दुसऱ्या तुकड्याला हिरव्या चटणीचा डाग होता, शिजूनही न गेलेला, काळा पडलेला. तिसऱ्याची कड चावलेली. गोल, दातांची. बत्तीस पक्वान्नं पुढ्यात घेऊन बसलेल्या कुणीतरी एक घास चावून सोडून दिलेली.

मी शेफला हाक मारली. विचारलं, "ही भाकर कुठली?"

तो हसत पुढं आला. त्याला वाटलं मी खूश होणार. "संडे का है अक्का. टेबलों से वापस आया हुआ. हमने छत पे सुखाया. आपने ही बताया था ना, घर घर से आती थी? तो अपना भी अलग अलग टेबल से है. एकदम ऑथेंटिक!"

मी परीक्षक बाईच्या पुढ्यात बघितलं. तिच्यासाठी खुर्ची होती, टेबल होतं आणि तिचा बाऊल वेगळा होता. त्यातले तुकडे एकसारखे, सोनेरी, सकाळीच भट्टीत भाजलेल्या रोट्टेचे. वर फूल.

"आणि यांचा?" मी विचारलं.

शेफनं बाईकडं बघितलं. बाईच बोलली. "अगं, माझा ताज्याचा आहे. मला परीक्षण करायचंय ना, तब्येतीला जपावं लागतं. तुझा नुसता शॉटसाठी आहे. तो काही कुणी खाणार नाहीये."

"मला घास घ्यायला सांगितलाय."

"हो, म्हणजे तू एक घे फक्त."

"म्हणजे मी कोण?"

ती मग हसली. टीव्हीवर हसते तशीच. "तू फार मनाला लावून घेतेस गं. आमच्याकडंही यायच्या हं भाकरी मागायला. माझी आज्जी कधी कुणाला रिकाम्या हातानं पाठवायची नाही. बाहेरच्या ओट्यावर वेगळं ठेवलेलंच असायचं. आम्ही त्या काळाचा मानच करतोय ना?"

वेगळं ठेवलेलंच असायचं. केवढ्या मायेनं बोलली! तिच्या घरची ती गोड आठवण आहे. तिच्या आज्जीनं वरून टाकलेलं कुणाच्या तरी पदरात पडलं, ते तिला दानधर्म म्हणून आठवतं. ते खाली उभं राहून झेलणाऱ्याला कसं आठवतं ते मी बाल्कनीत वाळत घातलेलं बघितलंय.

मी उठले. लुगड्याचा पदर पाठीवरून ओढून घेतला आणि कमरेला खोचला. गच्च.

"बाऊल बदला," मी बोलले. "हा तुम्ही घ्या बाई. एक घास. ही चावलेली कड आहे, इथून. मग मी तुमच्यापुढं पदर पसरते."

मेकअपवाल्या पोरीनं तोंडावर हात ठेवला. बाईचा चेहरा पांढरा झाला आणि मग लाल. "काय बोलतेस तू हे? शोभतं का?"

"नाही शोभत ना? तुम्हाला नुसतं ऐकायलाही शोभेना. मला ते खायला लावत होतात."

"अक्का, प्लीज," शेफ बोलला. "सीन नक्को करो."

"सीन तुम्हीच लावलाय. खाट तुम्हीच आणली." कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता. मी त्याच्याकडं वळले. "मायची गोष्ट पाहिजे ना तुम्हाला? पुरी घ्या. अर्धीच घेऊन कुठं चाललात?"

आणि मी सांगितली. शेफला सांगितली नव्हती ती. माय लहान होती तेव्हा गावात आमच्या लोकांनी दीक्षा घेतली, बुद्धाला शरण गेले. त्या संध्याकाळी माझी आज्जी भाकर आणायची टोपली घेऊन पाटलाच्या दारात गेली. सगळ्या गावादेखत तिनं ती टोपली पायाखाली घालून मोडली. बोलली, आजपासून ढोर ओढणार नाही, भाकर घेणार नाही. काम सांगाल तर मजुरी द्या. गावानं किराणा बंद केला. रानात पाय ठेवू देईनात. घरात खायला काही नाही. माय पोरवयातली, भुकेली, दिवेलागण झाली की सवयीनं परकराचा ओचा पसरून दारोदार निघायची. आणि आज्जी तिच्या हातांवर मारायची. उलथन्यानं. मायच्या मनगटावर डाग होता मरेपर्यंत. पोरीचे हात उठायचे आणि आज्जी मारायची, मारून झालं की कवटाळून रडायची, पण जाऊ द्यायची नाही. अशी सुटली ती भाकर. फुकट नाही सुटली.

"कट," परीक्षक बाई बोलली. "हे जरा जड होतंय. आपला कार्यक्रम खाण्यापिण्याचा आहे, त्यात राजकारण नको."

लाल दिवा विझला.

मी बाऊल उचलला, किचनमध्ये नेला आणि ड्रममध्ये रिकामा केला. लुगडं सोडलं, माझे कपडे घातले, तोंडावरचं काळं साबणानं धुतलं. पोरं भिंतीला लागून उभी होती. एकानं माझा डबा हातात आणून दिला.

कार्यक्रम लागला. मला वाटलं होतं तो भाग ते टाकून देतील. कसला टाकतायत! दुसरी कुणीतरी आणली होती, पैसे देऊन. माझ्यापेक्षा उंच, नाकीडोळी नीटस, गालाला तसलंच काळं. तिनं पदर पसरला. वरून तुकडे पडले. तिनं घास घेतला, गोड हसली. परीक्षक बाईनं आपला सोनेरी बाऊल चाखला, डोळे मिटले आणि बोलली, "यात मातीची चव आहे." टाळ्या.

माझी पोरगी शेजारी बसून बघत होती. कॉलेजात जाते. मराठी बोलते अर्धी तेलुगू मिसळून, वाचता तर धड येत नाही. तिनं विचारलं, "मम्मी, आजी लहानपणी असंच करायची?"

"हो."

"मग पणजीनं टोपली मोडली ते का नाही दाखवलं?"

"पदर पसरलेला बघायला त्यांना आवडतो. टोपली मोडलेली नाही आवडत."

तिनं टीव्ही बंद केला. त्यानंतर तिनं त्या बाईचा कार्यक्रम लावला नाही. मी सांगितलं नव्हतं.

शेफचा फोन आला. बोलला, झालं गेलं विसरा, या परत, तुमच्यासारखी ग्रेव्ही कुणाला जमत नाही. मी विचारलं, कुटके मेनूवर आहेत का? बोलला, आहेत, तेच तर सगळ्यात जास्त जातात. मी विचारलं, आणि त्याखालची कहाणी? तो पुन्हा ग्रेव्हीवरच आला. मी फोन ठेवला. आता मी दुसरीकडं काम करते, चिक्कडपल्लीतच, एका मेसमध्ये. पगार कमी आहे. पहिल्या दिवशी मालकाला सांगितलं, स्वयंपाक तुमचा करीन, जेवण माझं मी आणीन, उरलेलं मला वाढायचं नाही आणि माझ्या घराच्या गोष्टी मला विचारायच्या नाहीत. त्यानं मान हलवली. काय कळलं त्याला, देव जाणे.

लोकांना वाटतं, तिथं ठणकावून आले म्हणजे माझी सुटका झाली. कसली सुटका? माय अजून जिन्यात असते. दिवेलागणीला मी वर चढते तेव्हा समोरच्या दाराच्या बाजूला, सावली आत पडू नये अशी. मी मान खाली घालून आत जाते. आणि स्वतःचे हात बघते. ते त्या दिवशी उठले होते. मी न सांगता, कुणी न शिकवता उठले होते. उद्या माझंही डोकं गेलं, माझंही नवीन सगळं पुसलं गेलं, तर खाली काय उरेल? तिथं बोललेलं उरेल की पदर उरेल? ह्याचं उत्तर कोठीच्या डॉक्टरकडं नाही.

म्हणून पोरीला बसवून सांगितलं. "मी कधी कुणाच्या दारात पदर पसरून उभी दिसले तर रडत बसू नको. लाजू पण नको. कुणी काही टाकलं असेल तर तिथंच खाली ठेव. मला हाताला धरून घरी आण, कडी लावू नको, माझ्या पुढ्यात परात ठेव. ज्वारीचं पीठ दे, गरम पाणी दे."

"तुला तेव्हा येईल का पण?" तिनं विचारलं.

"येईल," मी बोलले. "हातांना येईल."

आता मी रोज सकाळी कामावर जायच्या आधी भाकरी थापते. भूक असो नसो, घरात भात असो, पोरगी ब्रेड खाऊन पळो. खांदा दुखतो, तरी थापते. डोळे मिटून थापते, हातांना डोळ्यांची गरज पडू नये म्हणून. मायच्या हातांना पसरायला गावानं शिकवलं होतं. माझ्या हातांना मी शिकवतेय.